एकही खिळा रिकामा नव्हता

१

पाणी ओसरल्यावर खालच्या वस्तीत पहिलं दार उघडलं गेलं ते शिवणवाल्या आजींचं. दाराला बाहेरून कडी होती. आत गुडघाभर गाळ, आणि त्या गाळात रुतलेल्या पलंगावर आजी, अंगावरचं पांघरूण तसंच. अर्धांगाच्या झटक्यात डावं अंग गेल्यापासून त्या पलंगावरून स्वतःहून कधी उठल्या नव्हत्या, आणि पाणी आलं तेव्हाही उठल्या नव्हत्या.

यात कोडं ते काय, असं कुणीही म्हणेल. पूर येतो, अंथरुणाला खिळलेलं माणूस मागे राहतं, लोक चार दिवस हळहळतात. कोडं हे, की आजी मागे राहिल्याच नव्हत्या. भोंगा वाजल्यावर हमालांच्या जोडीनं त्यांना स्ट्रेचरवर घालून टेकडीवरच्या निवाऱ्यात पोचवलं होतं आणि अर्ध्या वस्तीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय बिल्ला होता. वस्तीतल्या प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला घरात दाराशी टांगलेला असे. भोंगा झाला की तो घेऊन निघायचं आणि निवाऱ्यातल्या फळ्यावर आपल्या खिळ्याला अडकवायचा. कोण राहिलं ते रिकामा खिळा सांगणार. त्या सकाळी एकही खिळा रिकामा नव्हता. आजींचा बिल्ला जागच्या जागी होता.

म्हणजे जिला कूस बदलायला माणूस लागे, ती बाई टेकडी उतरून, पाण्यातून घरी जाऊन, आपल्या पलंगावर आडवी झाली आणि तिनं दाराला बाहेरून कडी लावली.

"पोलिसांना मुलाचा संशय आहे," राजधानीत आपत्ती नियोजन कार्यालयाचे संचालक म्हणाले. "घर विकायचं म्हणून आईशी भांडत होता म्हणे. निवाऱ्याच्या मागच्या दारानं आईला उचलून परत नेऊन ठेवलं असणार. परवा अटक करतायत. तू जाऊन ये आणि काय ते एकदाचं सांग. या वस्तीचा सराव आपण देशभर लागू करतोय. पुस्तिका छापखान्यात पडलीय."

ज्याला ते हे सांगत होते, त्याला कार्यालयात सगळे शंकासुर म्हणत, तोंडावरसुद्धा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला मऊ माणूस. पण एखादी गोष्ट पटली नाही की ती दातात अडकल्यासारखी त्याला छळत राही, आणि मग तो दुसऱ्यांना छळत राही. बढती दोनदा हुकली ती त्यामुळेच. त्याचीही आई अंथरुणाला होती, बहिणीकडे. फोनवर तो रोज चौकशी करी आणि बहीण रोज "बरी आहे" म्हणे.

तो आधी आजींच्या घरी गेला. दारातून आत वळणारा बोळ इतका अरुंद, की त्याला स्वतःला आडवं व्हावं लागलं. मग त्यानं कडी पाहिली. कडी जुनी, कोयंडा झिजलेला. नुसती लावली तर ती आपोआप निसटत होती. त्यानं दोनदा लावून बघितली. पोलिसानं पंचनाम्यासाठी काढून ठेवलेली वस्तू तेव्हा त्याला नीट दिसली. निळ्या जाड कापडाची बोटभर घडी. कडी निसटू नये म्हणून ती कोयंड्यात खोचलेली होती.

घाईगर्दीत खून करायला आलेला माणूस घडी घालत बसत नाही, हे त्याच्या दातात अडकलं.

२

वस्तीच्या आपत्ती पथकाचा प्रमुख होता कॅप्टन. तो कुठल्याच सैन्यात नव्हता. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, गळ्यात शिट्टी, छाती अजून पुढे. निवाऱ्यात काचेच्या कपाटात चषक होता, देशात सगळ्यात जलद रिकामी होणारी वस्ती म्हणून मिळालेला. शंकासुर आला तेव्हा कॅप्टन तो पुसत होता, पण मन पुसण्यात नव्हतं.

"वायरलेसवर निरोप आला, वरचा बांध फुटला म्हणून," कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "मी भोंगा वाजवला. लोकांना वाटलं सराव आहे. त्या आठवड्यात तुमच्याकडची मंडळी अचानक सराव घ्यायला येणार होती ना."

"अचानक येणार होती, तर लोकांना कसं ठाऊक?"

कॅप्टन चषकाकडे बघत राहिला. "कळतं हो साहेब असं."

"सराव समजूनही सगळे आले?"

"सवयच लावली होती. भोंगा झाला की निघायचं, विचारत बसायचं नाही. त्यानंच तर वाचले." जरा थांबून तो म्हणाला, "फळा भरला, मी शिट्टी मारली, वायरलेसवर कळवलं. आमच्यासाठी ठेवलेली बोट मग पलीकडच्या काठाला पाठवली. तिथं शाळेची पोरं अडकली होती. पाणी वस्तीत शिरलं ते त्यानंतर बऱ्याच वेळानं. दुपारकडे आजींच्या मुलीनं येऊन सांगितलं, आई खाटेवर नाही."

टेबलावर वायरलेसचा संच पडला होता. शंकासुरानं तो उचलून कानाशी हलवला. बोलण्याच्या जाळीत गाळ वाळून घट्ट बसला होता.

"हा बिघडला कशानं?"

"पावसानं."

शंकासुरानं मान डोलावली. पाऊस गाळ घेऊन पडतो हे त्याला नवीन होतं.

हमालांची जोडी त्याला बाजारात सापडली. दोघे सख्खे भाऊ. धाकटा गाडीवर पोती रचत होता, बोलत होता तो थोरला.

"आम्ही गेलो तेव्हा आजी ओट्यावर तयार होत्या. दर वेळी तशाच असायच्या. बोळातनं स्ट्रेचर आत जात नाही, म्हणून त्यांची मुलगीच त्यांना बाहेर आणून, मेणकापड पांघरून ठेवायची. बिल्ला दांड्याला बांधलेला. आम्ही उचलायचं आणि चालू लागायचं."

"तोंड बघितलंत?"

"म्हाताऱ्या बाईमाणसाच्या तोंडावरचं कापड कशाला काढू साहेब? पाऊस लागत होता. आणि आजींचं काय ओझं? पीसच. आम्ही आळीपाळीनं शिव्या देतो त्या पोत्यांना. आजींना कधी दिली नाही." तो कसनुसा हसला. "ते स्ट्रेचरचं निळं कापडसुद्धा आजींनीच शिवलेलं, हात चालत होते तेव्हा. दुहेरी शिवण आहे, अजून टाका सुटला नाही."

"वाटेत काही झालं?"

"पडक्या विहिरीपाशी वरून एकजण पळत आला. म्हणाला, ड्रिल नाही, बांध फुटलाय, पाणी येतंय. मी धाकट्याला म्हटलं, ऐकलंस का, चाल भरभर. आजी भितील म्हणून जास्त बोललो नाही. पण त्या हूं नाही की चूं नाही. धीराची बाई." थोरल्यानं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. "आणि तिला कुणीतरी परत नेऊन कोंडली. सापडू दे तो."

पडकी विहीर आजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. शंकासुर ती येतानाच बघून आला होता.

३

निवाऱ्यात आजारी माणसांसाठी पडदा लावून एक कोपरा केला होता. तिथली खाट नर्सबाईनं दाखवली. बाई ठसठशीत, एका वाक्यात तीन कामं सांगणारी.

"स्ट्रेचर आलं, मी दांड्याचा बिल्ला सोडून फळ्यावर लावला. पडद्याआड जायला फुरसत कुठं होती? दारात पोरंसोरं, म्हातारे, सगळ्यांचे पाय चिखलानं भरलेले. नळाशी एकेकाला उभं करून पाय धुवायला लावले, मगच आत घेतलं. नाहीतर त्या जमिनीवर रात्र काढायची कशी? मधे एकदा पडदा सारून बघितलं, तर आजी पांघरूण घेऊन झोपलेल्या. मुलगी जवळ होती. म्हणाली, डोळा लागलाय."

"मुलगी कधी आली?"

"कधी आली..." नर्सबाई अडखळली. "स्ट्रेचरबरोबरच आली असणार की. आपला बिल्ला तिनं माझ्यासमोर लावला. ती एकटीच शहाणी बघा. तिला नळाशी उभी करावी लागली नाही. पाय स्वच्छ होते."

"पाऊस चालू होता. चिखलाची वाट. चालत आली ना?"

"मग काय उडत येणार? वहाणा असतील." ती थांबली. वहाणा तिला आठवत नव्हत्या.

शंकासुरानं खाटेवरचं पांघरूण उचललं. ते त्या दिवसापासून कुणी हलवलं नव्हतं. खाली दोन उशा होत्या, एकीला एक लागून, लांबीत ठेवलेल्या.

नर्सबाई त्या उशांकडे बघत खाटेच्या कडेवर बसली. म्हणाली, "मी यांनाच आजी समजले?"

४

मुलगा नदीपलीकडच्या पंपघरात मेस्त्री होता. वस्ती सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. शंकासुर गेला तेव्हा तो पंपाचे नट आवळत होता आणि आवळलेलेच पुन्हा आवळत होता.

"भांडायचो. खोटं कशाला सांगू?" तो म्हणाला. "घर विका, माझ्याकडे चला, वरच्या मजल्यावर राहा, हेच सांगायचो. ती नदीकाठची खोली म्हणजे मरण होतं. आई ऐकायची नाही. ताईही आईच्याच बाजूनं. ताई वाळून काटकी झाली होती आईचं करता करता. रात्रीत चार-चारदा उठून आईची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी म्हणायचो, मला उचलू दे कधीतरी. पण आई आडव्या हाडाची, त्यात आजारानं सुजलेली. आम्हा दोघांना मिळून ती पलंगावरून हलायची नाही."

"हमाल म्हणतात पिसासारख्या हलक्या."

नटावरचा पाना थांबला.

"तुम्ही त्या दिवशी निवाऱ्यात गेलात?"

"पाळी संपवून वरच्या रस्त्यानं वळसा घालून गेलो. गुडघ्यापर्यंत भरलो होतो. नळाशी पाय धुतले. ताई समोर उभी होती." तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मी तिच्या पायांकडे बघितलं."

त्यानं पाना खाली ठेवला, जपून, जसं काही ते काचेचं भांडं होतं.

"लिहून घ्या साहेब. कडी मीच लावली. आईला मीच परत नेलं."

शंकासुरानं काही लिहिलं नाही. "कडी निसटू नये म्हणून कोयंड्यात काय घातलंत?"

"कडी निसटते?" मुलगा म्हणाला, आणि लगेच त्यानं डोळे मिटले.

"तुम्ही तिथं राहत होता तेव्हा निसटत नसेल," शंकासुर म्हणाला. त्याला या माणसाचा मनापासून कळवळा आला. "ज्यानं ती लावली त्याला रोजची सवय होती. तुम्हाला नाही."

"मग तुम्ही तिला विचारणार."

"विचारावं लागेल. नाहीतर पोलीस उद्या तुम्हाला घेऊन जातील आणि तुम्ही जाल."

"जाईन की. तिच्याकडे आता काय राहिलंय?"

५

कॅप्टन निवाऱ्याच्या पायरीवर बसला होता. शंकासुर त्याच्या शेजारी बसला. पुढे उभं राहून, बोट रोखून प्रश्न विचारणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"मी सांगतो, चुकलं तर थांबवा," तो म्हणाला. "आजी निवाऱ्यातून परत गेल्याच नाहीत, कारण त्या कधी आल्याच नाहीत. जड बाई स्ट्रेचरवर हलकी होते, कारण ती दुसरी असते. चिखलातून चालत आलेल्या मुलीचे पाय स्वच्छ राहतात, कारण ती चालत आलेली नसते. ती मेणकापडाखाली येते. पडद्याआड उठते, आपल्या जागी उशा ठेवते, बाहेर येऊन आपला बिल्ला लावते. एक माणूस दोनदा मोजलं जातं आणि फळा भरतो. दर सरावाला हेच होत होतं. घरी आजी बाहेरून कडी लावून सुरक्षित. हमालांना ठाऊक नाही, नर्सबाईला ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणालातरी ठाऊक असणार. नाहीतर ते स्ट्रेचर दर वेळी पडद्याआडच नेमकं कसं ठेवलं गेलं असतं?"

कॅप्टननं थांबवलं नाही.

"पहिल्या सरावाला आजींनाच उचललं होतं," शेवटी तो म्हणाला. "बोळात वळवता वळवता त्यांचा हात अडकला. त्यांच्या किंकाळीनं वस्ती गोळा झाली. महिनाभर हात सुजलेला. मुलगी म्हणाली, पुन्हा खेळासाठी माझ्या आईला हात लावायचा नाही. बरोबरच होतं तिचं. पण आजारी माणूस हलवल्याशिवाय सराव पुरा धरत नाहीत, तुमचाच नियम. मीच म्हटलं, तू झोप आईच्या जागी. एवढंच. खरी वेळ आली की आईला काढू, दोन माणसं जास्त देईन म्हटलं."

"खरी वेळ आली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"भोंगा वाजवला तो मीच ना. मला वाटलं, खरं आहे हे तिला कळेलच. असं सांगायला लागतं का कुणाला? मी वरच्या गल्लीतल्या पोरांच्या मागे धावलो." त्याची छाती आता पुढे नव्हती. "आणि तिला वाटलं, खरं असतं तर कॅप्टन आला असता सांगायला. भोंगा एकच हो. सरावालाही तोच आणि पुरालाही तोच. आठवडाभर आधी मीच तिच्या कानात सांगून ठेवलं होतं, केव्हाही अचानक सराव होईल, तयार राहा."

"तिनं तुम्हाला दुपारी सांगितलं नाही."

"नाही. फळा भरला, शिट्टी झाली, बोट गेली, आणि कुणीतरी खिडकीतून पाणी दाखवलं. ती माझ्याकडे पळत आली. वायरलेस माझ्या गळ्यात होता. बोट परत बोलवायची म्हणजे सांगायला हवं होतं, फळा खोटा आहे. मी तो हातात घेऊन उभा राहिलो. किती वेळ, ते विचारू नका. मग मी तसाच खाली पळालो. विहिरीच्या पुढे पाणी गळ्याला लागलं. परत आलो तेव्हा संच बंद पडला होता."

त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून मुठीतच धरली.

"वेळेवर बोलावली असती तर बोट पोचली असती का, साहेब?"

शंकासुराला या प्रश्नाचं उत्तर खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्यानं तसं सांगितलं.

६

आजींची मुलगी घरातला गाळ काढत होती. शिवणयंत्र तिनं पुसून ओट्यावर उन्हात ठेवलं होतं. पंचेचाळिशीची असेल, पण अंगावर मांस नावाला नव्हतं. शंकासुर आला तशी तिनं फावडं भिंतीला टेकवलं आणि हात धुतले.

"भावाला धरणार आहेत ना?" ती म्हणाली. "मी उद्या पोलिसांत जाणारच होते. रोज उठून जाणार होते."

"त्यांना कळलं होतं. तुमचे पाय बघून."

"त्याला?" ती म्हणाली. "आणि बोलला नाही?"

"बोलला. म्हणाला, मीच केलं."

ती रडली तेव्हा आवाज झाला नाही. शंकासुरानं यंत्राचं चाक उगाच जरा फिरवलं. गाळ अडकून ते करकरलं, मग त्यानं हात काढून घेतला.

"तुम्हाला सगळं कळलंय," काही वेळानं ती म्हणाली. "तरी सांगते, मला कुणाला तरी सांगायचंय. आदल्या रात्री आई तळमळत होती. मी पाठ टेकली नव्हती. भोंगा झाला तेव्हा, देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, सराव आला. सराव म्हणजे माझी सुट्टी हो. वर्षातून तीन-चारदा. स्ट्रेचरवर पडायचं, वरून मेणकापड, आणि दोन माणसं आपल्याला उचलून नेतायत. टेकडी चढेपर्यंत कुणी हाक मारत नाही. ते कापड आईनं शिवलेलं, त्याला अजून तिच्या कपाटाचा वास येतो. मी आईला म्हटलं, आलेच गं. ती हसली. अर्ध्या तोंडानं हसायची. कडी लावली, घडी खोचली, आणि पडले. ओटा सुटायच्या आत मला झोप लागली."

थोरल्या हमालाचा आवाज शंकासुराला ऐकू येत होता. हूं नाही की चूं नाही.

"एकदम निवाऱ्यातच जाग आली, खाटेवर ठेवलं तेव्हा. अर्धवट झोपेतच उशा लावल्या, बिल्ला लावला. सवय." तिनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघितलं. "एक विचारू? तुम्ही हमालांशी बोललात ना. मी झोपले होते तेव्हा, वाटेत, कुणी काही म्हणालं का? खरं पाणी येतंय असं? मी जागी असते तर ऐकलं असतं, असं काही होतं का?"

या माणसानं नोकरीत कुणाच्या भिडेनं एक ओळ बदलली नव्हती. मंत्र्याच्या मेव्हण्याचा बंधारा कच्चा निघाला तेव्हाही नाही. खरं सांगितलं नाही तर पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो, हे तो नव्या पोरांना घसा ताणून सांगत असे.

"नाही ताई," तो म्हणाला. "निवाऱ्यात पोचेपर्यंत वाटेत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तुम्ही जाग्या असता तरी हेच झालं असतं."

तिनं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. मग हळूहळू मान हलवली आणि पुन्हा फावडं घेतलं.

अहवालात त्यानं बाकी सगळं लिहिलं. सरावाला खऱ्याच माणसाला हलवायचं, आणि त्यासाठी आधी त्याच्या घराचा बोळ रुंद करायचा. सरावाचा भोंगा वेगळा. बिल्ला लावला तरी माणसाचं तोंड बघायचं. अचानक सराव खरोखरच अचानक. संचालक फोनवर कळवळून म्हणाले, "अरे, पुस्तिका छापून झाली." तो म्हणाला, "मग रद्दीत घाला. तिच्यात लिहिलेली सगळ्यात जलद वस्ती एक माणूस घरी ठेवून जलद झाली होती." मुलाला पोलिसांनी सोडलं. कॅप्टननं चषक आपल्या हातानं पेटीत भरून परत पाठवला. पडक्या विहिरीचा उल्लेख अहवालात कुठेच नव्हता.

गाडी पकडण्याआधी तो बाजारात गेला. स्ट्रेचरवर कोण होतं हे एव्हाना वस्तीभर झालं होतं. थोरला हमाल रिकाम्या गाडीवर बसून होता. त्यानं शंकासुराला बघितलं, पण उठला नाही.

"आम्ही तिलाच नेत होतो," तो म्हणाला. "आणि मी हळू बोललो साहेब. आजी भितील म्हणून हळू बोललो. मोठ्यानं बोललो असतो तर ती उठली असती. घर हाकेवर होतं. आम्ही विहिरीपाशी होतो."

"नव्हता," शंकासुर म्हणाला.

हमालानं वर बघितलं.

"तो माणूस तुम्हाला निवाऱ्याच्या पायरीशी भेटला. तिनं मला विचारलं. उद्या तुम्हालाही विचारेल. म्हणून सांगायला आलोय. तुम्ही पायरीशी होता."

धाकटा पोतं खाली ठेवून जवळ येऊन उभा राहिला होता. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे, जिथे स्ट्रेचरच्या दांड्यांचे घट्टे होते.

"पायरीशी होतो," तो म्हणाला. "दोघंही होतो. पायरीशीच."